हवेतलं चाक

आधी थांब, म्हणाला काका. पूर्ण थांब.
चालत्या गाडीत लो टाकायची नसते,
टाकलीस तर गियर दात खातात
आणि गॅरेजवाला तुझे.

तुर्भ्याच्या मागची बंद खदाण, रविवार, सकाळचे सात.
इथे त्याने बावीस वर्षं डंपर चालवला.
आता तळाला हिरवं पाणी, कडेला घाणेरीची झुडपं,
आणि पलीकडे एमआयडीसीच्या टाक्यांवर ऊन.
क्लच दाबला. न्यूट्रल. छोटा दांडा मागे ओढला.
खट्.
आवाज कानाला कमी,
तळपायाला जास्त.

आता गाडी चालत्या माणसापेक्षा हळू.
इंजिन वर ओरडतंय,
आणि चाक खाली एकेक दगड
चाचपून, पारखून, मग चढतंय.
मला लाज वाटली, खरं सांगते.
पाम बीच रोडवर शंभरने जाणारी मी,
इथे एका खडकापुढे
पहिलटकरणीसारखी.
"पहार कशी लावतात?" काकाने विचारलं.
हळू, मी म्हटलं.
"मंग."

पुढे चर होता. तिरप्या चरात
उजवं मागचं चाक जमीन सोडून वर गेलं,
डावं पुढचं जेमतेम टेकलेलं.
मी पाय दाबला.
ती दोघंच फिरली, भणभण,
ज्यांच्याखाली काही नव्हतं ती दोघं.
ज्यांच्यावर गाडीचा सगळा भार
ती दोन उभी, गप्प,
पाहुण्यांच्या पंगतीत वाढप्यासारखी.

काका उतरला. हवेतल्या चाकाजवळ उकिडवा बसला.
"बग जागू, डिफरन्शियलचा न्याव.
ज्याला अडत नाय
त्यालाच सगला जोर."

त्याने बोट तंबाखूच्या डबीवर आपटलं, बाकी काही नाही.
पण साडेबारा टक्क्यांचा प्लॉट
आजोबांच्या अंगठ्याखाली कोणाच्या नावावर गेला
हे मला माहीत आहे.
आमची चार मजली, खाली एटीएम.
काकाच्या घणसोलीत दोन खोल्या, त्यातल्या एकीत शिलाई मशीन.
आणि ही गाडी, हिची सीट, हिचा वास,
हे टायर, जे आत्ता वाऱ्यावर फिरत होते.
मी इंजिन बंद केलं. का, ते कळलं नाही.

"बंद नको करू. लॉक लाव.
फिरतं चाक थांबू दे आदी, मंग लाव.
फिरत्यावर लावशील तर काहीतरी तुटंल."
मागचा दांडा. मग पुढचा.
डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे.
आता एका एक्सलची दोन चाकं
एकाच जू-खाली.
हवेतलं फिरेल तेवढंच जमिनीवरचं फिरणार,
मन असो नसो.

पाय अलगद ठेवला.
भार असलेल्या चाकाने दगड धरला,
गाडी कण्हली, एक हात वर आली,
मग पोट घासत चराबाहेर.
पाठीमागून सगळी माती
माझ्याच काचेवर.

वर सपाटीला मी तशीच वळवायला गेले.
स्टेअरिंग वळेना. टायर ओढले गेले, किंचाळले.
"आता काढ! आता काढ!
वलताना भाईरच्याला जास्ती जावाला लागतं.
जाव दे त्याला.
सदाची बांधून ठेवशील तर एक्सल जाल."
दांडे परत केले.
पुढचा दिवा विझला, मागचा नाही.
मी दोनदा दांडा हलवला, काही होईना.
"ताण र्‍हायलाय आत. जरा मागं घे."
हातभर मागे घेतली.
आत कुठेतरी काहीतरी सुटलं,
दिवा गेला.

उतारावर पुन्हा लो, पहिला गियर, ब्रेकवरचा पाय उचललेला,
इंजिनच गाडीला धरून खाली आणत होतं.
खाली क्रशरच्या जुन्या पत्र्यापाशी फोन वाजला.
स्क्रीनवर बाबा.
काकाने नाव वाचलं.
अकरा वर्षं झाली असतील.
बोटांवरचा चिखल पँटीला पुसला,
आणि मी विचारायच्या आत म्हणाला,
"उचल की. गाडी हाय तशी राहूं दे,
लो मधीच."